कोपऱ्यातला माणूस

“बंद कर ते. ह्या भुताच्या पिक्चरवाल्यांच्या घरी लाईट नसती का गं?”

आप्पा असं वैतागून म्हणाले आणि मी हसले. रविवारची दुपार होती. खिडकीवर सोलापुरी चादर अडकवलेली, पंखा गरगरत होता आणि पडद्यावर एक बाई मेणबत्ती धरून तळघराचा जिना उतरत होती. हिंदीत डब केलेला पिक्चर. मला तर ती बाईही दिसत होती, तिच्या मागचा ओल्या पावलाचा ठसाही दिसत होता आणि आता काय होणार या भीतीनं मी पाय खुर्चीवर ओढून घेतले होते.

“आप्पा, अंधार नसला तर भूत कशाला येईल?”

“अंधार असावा. पन माणसाला काही दिसावं का नाही? नुसता काळा टीव्ही बघायचा तर बंद करूनच बघू की.”

ते उठले, अंगणात जाऊन बसले. पिक्चर अर्धा सोडून आप्पा उठल्याचं मी पहिल्यांदा पाहत होते.

उदगीरला आमचं दोन खोल्यांचं घर होतं, नांदेड रोडच्या बाजूला. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आप्पा, म्हणजे माझे वडील मन्मथ हुडगे, गावातल्या एका इंग्रजी शाळेची पिवळी बस चालवायचे. त्याआधी ट्रकवर होते. ट्रकवरच्या दिवसांत कुठल्या कुठल्या गावच्या थेटरांत त्यांनी भुताचे पिक्चर बघितले होते आणि घरी डीव्हीडी आल्यापासून ते वेड मलाही लावलं होतं. आईला त्यातलं काही आवडत नसे. ती शेजारच्या खोलीत मशीनवर ब्लाउज शिवत बसायची आणि आमच्या किंकाळ्या ऐकून म्हणायची, “बापलेकीला दुसरा धंदा नाही.”

आप्पांची मतं ठाम असत. भूत दिसलं की पिक्चर संपला, भीती असती ती दिसेपर्यंतच. ज्या घराच्या दारात कुत्रं थांबत नाही, ते घर भाड्यानं घ्यायचंच कशाला? आणि उडणाऱ्या, भिंतीवर चढणाऱ्या, जग वाचवणाऱ्या माणसांचे पिक्चर त्यांना मुळीच खपत नसत. एकदा एका पिक्चरमध्ये हिरोनं पुलावरनं पडणारी बस एका हातानं झेलली. आई दारात उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. आप्पा म्हणाले, “टाळ्या काय वाजवायलीस? आत बसलेल्या माणसांची डोकी फुटली नसतील का? असा धक्का बसल्यावर एक माणूस जित्ता राहत नसतो. बस चालवनाऱ्याला विचारा म्हणावं.”

आणि आता हेच आप्पा मला सांगायला लागले, “शैले, ते उडनाऱ्या मानसाचं आण काहीतरी. लाल कपड्यातलं.”

मला गंमत वाटली. डीव्हीडीच्या दुकानातल्या इरफानलाही वाटली. “हुडगेकाका भुताला कंटाळले?” तो म्हणाला आणि भराभर चार सुपरहिरो काढून दिले. आप्पांनी ते चारही बघितले, आवडीनं बघितले. “हे बरं हाय,” ते म्हणायचे, “हिरो कसा पडद्याच्या मधोमध असतो. रंग कसे लख्ख. कोन कुनाला मारायलंय ते कळतं.” त्या दिवसांत त्यांनी आपली खुर्चीही मागे सरकवली. आधी आम्ही टीव्हीला नाक लावून बसायचो, आता आप्पा पार स्वयंपाकघराच्या दाराला पाठ टेकून बसायला लागले. लांबनं चांगलं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. आई त्यांना चिडवायची, की वय झालं, आता चाळिशी लावा. चष्मा कशाला, असं म्हणून आप्पा तिच्या हातातली सुई घ्यायचे आणि एका झटक्यात दोरा ओवून द्यायचे. आईला तो ओवायला तीनदा थुंकी लावावी लागायची.

मग तो रविवार आला.

मी राजेरजवाड्यांचा, जादूटोण्याचा एक पिक्चर आणला होता. पंख असलेले साप, बोलणारी झाडं, असलं सगळं. एका प्रसंगात राजाची मेजवानी चालू असते. राजा हसतोय, पितोय आणि त्याचा सावत्र भाऊ कोपऱ्यात खांबाला टेकून त्याच्याकडे बघत उभा आहे. बराच वेळ उभा आहे. मग तो सावकाश पुढं येतो आणि राजाच्या मानेत खंजीर घालतो.

“ह्या!” आप्पा म्हणाले. “हा कुठनं उगवला? कायपन दाखवायलेत. मानूस काय हवेतनं काढला काय?”

“हवेतनं कुठं? मघापासून उभा होता की कोपऱ्यात.”

“नव्हता.”

“होता, आप्पा.”

“मी काय आंधळा हाय का? नव्हता म्हनलं ना!”

आमची पैजच लागली. मी रिमोटनं पिक्चर मागं नेला आणि मेजवानीवर थांबवला. चित्र स्थिर झालं. डाव्या बाजूला, खांबाजवळ, तो भाऊ काळ्या झग्यात उभा होता.

“हा बघा.”

“कुठं?”

“डावीकडं. खांबापाशी.”

आप्पांनी मान वळवली. डोळे नाही, मान. अंधाऱ्या खोलीत कुणी बॅटरीचा झोत भिंतीवरून फिरवत न्यावा तशी सावकाश, थोडी वर, थोडी खाली. राजावरून, मशालीवरून, खांबावरून त्यांची नजर सरकत गेली आणि अखेर त्या माणसावर येऊन थांबली.

“हां,” ते म्हणाले. “हाय की.”

हरल्यावर आप्पा एवढे गप्प बसत नसत. दिग्दर्शकाला चार शिव्या तरी देतच. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पाण्याचा तांब्या द्यायला म्हणून हात पुढं केला. तांब्या त्यांच्या कानाच्या रेषेत होता, मग गालाच्या, मग जवळजवळ नाकासमोर आला, तेव्हा ते दचकले.

“कधीपासून, आप्पा?”

“काय कधीपासून? पिक्चर लाव.”

“कधीपासून दिसत नाही?”

शेजारच्या खोलीत आईचं मशीन चालू होतं. आप्पांनी तिकडं कान दिला, मग खालच्या आवाजात बोलायला लागले. आधी रात्रीचं दिसेनासं झालं होतं. ट्रक त्यांनी पाठदुखीमुळं सोडला असं आम्ही समजत होतो; तो ह्याच्यामुळं सोडला होता. मग कडेचं जायला लागलं, आधी थोडं, मग आणखी. “नळीतनं बघितल्यावानी दिसतं,” ते म्हणाले. “पन नळीतलं एकदम लख्ख हाय. सुईचं भोक दिसतं मला.” त्यांच्या आईचा भाऊ, बीदरचा मामा, असाच होता. तो पुढं काठी घेऊन फिरायचा.

“आईला सांगू नको.”

“आप्पा, उद्या सोमवार आहे.”

“मग?”

“तुम्ही बस कशी चालवणार?”

“जशी रोज चालवतो तशी. मान फिरवत राहतो मी. दुसरे ड्रायव्हर आरशात बघतबी नाहीत, मी तीन तीनदा बघतो. एका लेकराला वरखडा आला का आजवर? सांग, आला का?”

आला नव्हता.

मी आईला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “खुळी झालीस का? आत्ता दुपारी सुई ओवून दिली त्यांनी.”

“आई, मधलं दिसतं त्यांना. बाजूचं नाही.”

“मधलं दिसतं आन् बाजूचं दिसत नाही, असं कुठं असतंय का? पिक्चर बघून बघून डोस्कं फिरलं तुझं.” मग तव्यावरची भाकरी उलटताना ती हळूच म्हणाली, “आन् असलं काही, तर बोलू नको बाहेर. घर त्यांच्या एकट्यावर चालतं.”

सोमवारी कॉलेज बुडवून मी शाळेत गेले. मुख्याध्यापक बाई चांगल्या होत्या, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी जे सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकलं. “अगं, जूनमध्ये सगळ्या ड्रायव्हरांचे डोळे तपासले आपण,” त्या म्हणाल्या. “तुझ्या वडिलांनी तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचली. तिथं चष्मेवाले चाचपडत होते.” मी नळीचं सांगितलं, तांब्याचं सांगितलं, पिक्चरमधल्या कोपऱ्यातल्या माणसाचंही सांगून बसले. ते सांगताना ते किती पोरकट वाटतंय हे मलाच ऐकू येत होतं. बाईंनी माझ्याकडं बघितलं. “घरात काही झालंय का? वडिलांशी भांडण वगैरे?”

मी उठून आले.

दुपारी त्यांनी आप्पांना बोलावून विचारलंच. आप्पा घरी आले, चप्पल काढली आणि माझ्याकडं न बघता आईला म्हणाले, “तुझी लेक माझ्या पोटावर पाय द्यायलीय.” त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

आता माझ्या हातात काय होतं? पोलिसांत जायचं? काय सांगायचं? डॉक्टरकडं चला म्हटलं तर ते उठून अंगणात जात. शेवटी मला सुचलं ते मी केलं. एक दिवस सकाळी बस निघाली तेव्हा मी चढले आणि आप्पांच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर जाऊन बसले. आप्पांनी एकदा मान वळवून मला पूर्ण बघून घेतलं, पण उतर म्हणाले नाहीत.

बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला शमीमबाई असायच्या. दाराशी उभ्या राहून त्या सतत पत्र्यावर थाप मारत ओरडत होत्या, “उस्ताद, डावीकडून सायकल! उस्ताद, म्हैस!” मी त्यांना विचारलं, नेहमीच असं सांगता का? “दिवाळीपासून सांगते,” त्या म्हणाल्या. “पहिले नाही सांगायची. तेच म्हणाले, बाई, आवाज देत जा. मला वाटलं कान कमी झाले असतील.”

मी रोज जायला लागले. प्रॅक्टिकल बुडत होती. झाकण तापायचं, पाय भाजायचे. मी डावीकडं डोळे लावून बसायचे आणि रस्ता केवढा मोठा असतो ते मला त्या दिवसांत कळलं. प्रत्येक बोळातून काहीतरी येत असतं. आप्पा पक्ष्यासारखी मान फिरवत, इकडं, तिकडं, परत इकडं. घामानं त्यांची कॉलर ओली व्हायची. बस ते अगदी हळू चालवत. मागची पोरं ओरडत, “काका, पळवा ना!” आणि आप्पा त्यांना प्रत्येकाला नावानं ओळखून उत्तर द्यायचे, तेही आवाजावरून. किती दिवस असं चालणार हे मी स्वतःला विचारत नव्हते. आज घरी पोचलो, एवढंच.

तो दिवस शनिवारचा. शाळा लवकर सुटली होती. देगलूर रोडच्या एका कॉलनीपाशी तीन-चार पोरं उतरली. शमीमबाई एका लहानग्याचं दप्तर सोडवत होत्या, त्याचा बंद सीटच्या कांबीत अडकला होता. दार लागलं. आप्पांनी उजवीकडं बघितलं, आरशात बघितलं, डावीकडं बघितलं आणि गिअर टाकला. त्यांनी बघून नजर वळवली आणि त्याच क्षणी एक मुलगी बसच्या पुढून, डाव्या चाकापाशी खाली वाकली. तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घरंगळत आलं होतं.

“आप्पा!”

मला वाटतं मी नुसतं तेवढंच ओरडले. बसला गचका बसला. मागं पोरं एकमेकांवर आदळली आणि हसायला लागली. काचेच्या खालच्या कडेला दोन गुलाबी रिबिनी दिसल्या, मग तोंड दिसलं. तिनं झाकण आम्हाला उंच करून दाखवलं, हसली आणि पळत फाटकात शिरली.

आप्पांनी इंजिन बंद केलं.

“कोन होतं?”

“गुलाबी रिबिनीवाली.”

“मैथिली. पहिलीतली.” त्यांचे दोन्ही हात मांडीवर पडले होते. “लागलं का?”

“नाही.”

“खरं सांग.”

“नाही आप्पा. ती घरात गेली. पळत गेली.”

“कुठं होती?”

“समोर. डाव्या चाकापाशी.”

“मी बघितलं होतं तिकडं,” आप्पा म्हणाले. “आत्ता बघितलं होतं, शैले.”

किल्ली तशीच होती. त्यांनी तिच्याकडं हात नेला आणि परत घेतला. मागून आरडाओरडा सुरू झाला, “काका, चला ना! काका, भूक लागली!” आप्पांनी तोंड मागं वळवलं आणि त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “थांबा रे, गाडी दमली. गाडीला पानी पाहिजे.” मग शमीमबाईंना म्हणाले, “शाळेत फोन लावा. दुसरा मानूस पाठवा म्हनावं.” तो माणूस येईपर्यंत ते जागेवरून हलले नाहीत. पोरांना गाणी म्हणायला लावली, स्वतः टाळ्या धरल्या. तो आल्यावर किल्ली त्याच्या हातात दिली, उतरले आणि बसच्या पत्र्यावर हात ठेवून मागच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथं पत्रा संपला. ते तिथंच उभे राहिले.

मी त्यांचा हात धरला. पहिल्यासारखं बोलणं त्या दिवशी सुरू झालं असं नाही, पण हात त्यांनी सोडवून घेतला नाही.

लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात एक यंत्र होतं. पांढऱ्या घमेल्यासारखं, त्यात हनुवटी टेकवून बसायचं. आत कुठंतरी एकेक ठिपका पेटतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. खोलीत अंधार केलेला. आई बाहेर बाकावर बसली होती, मी आत भिंतीला टेकून उभी होते. ठिपके मला दिसत नव्हते, पण बटणाचा आवाज ऐकू येत होता. टक्. टक् टक्. मग काही नाही. बराच वेळ काही नाही.

आप्पा म्हणाले, “करा की चालू.”

ती तपासणारी मुलगी माझ्याच वयाची असेल. तिनं माझ्याकडं बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, “चालूच आहे, काका.”

“असं होय,” आप्पा म्हणाले आणि बटणावरचा अंगठा आणखी घट्ट करून बसून राहिले.

डॉक्टरांनी कागदावर काळं वर्तुळ दाखवलं, त्याच्या मध्ये रुपयाएवढा पांढरा भाग. ऑपरेशन? आप्पांनी विचारलं. नाही. थेंब, गोळ्या? नाही. हैदराबादला, मुंबईला? डॉक्टर म्हणाले, तिथंही हेच सांगतील. हा आजार आईकडून मुलाकडं येतो आणि तो थांबवायला अजून कुणाकडं काही नाही. “मग मी आता काय करू?” आप्पांनी विचारलं, अगदी साधेपणानं, एखाद्याला रस्ता विचारावा तसं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “सवय करायची,” ते म्हणाले. बाहेर येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि पिशवीतला डबा काढून म्हणाली, “आधी दोन घास खाऊन घ्या.” डबा उघडताना तिला झाकण लवकर निघेना.

या गोष्टीला आता सतरा-अठरा वर्षं झाली. तो रुपयाएवढा पांढरा भागही आता राहिला नाही. मी परभणीला शिकवते, माझा संसार आहे, सुट्टीत त्यांच्याकडं जाते. तरी मला आठवते ती लातूरहून परत आल्यानंतरची सकाळ.

आप्पा नेहमीच्या वेळी उठले. आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली आणि खाकी शर्ट घातला. आईनं “आज कशाला?” असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते दारात खुर्ची टाकून बसले. मी त्यांच्याजवळ पायरीवर चहा घेऊन बसले. थोड्या वेळानं लांबून बसचा आवाज आला. नवा ड्रायव्हर गिअर जरा रगडून टाकत होता. आप्पा ऐकत होते.

बस आमच्या घरासमोरून जायची. जवळ आली तशी पोरांना आप्पा दिसले. सगळ्या खिडक्यांतून हात बाहेर आले. “काका! हुडगेकाका!” शमीमबाईंनीही दारातून हात केला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी उठून हात हलवला.

“हात करायलेत पोरं, आप्पा.”

“कुठं?” ते उठून उभे राहिले. “कुठल्या खिडकीत?”

“सगळ्याच. उजवीकडं, उजवीकडं बघा.”

त्यांनी मान वळवली. आधी समोरचं फाटक, मग विजेचा खांब, मग रस्त्याची कड. भरभर शोधत होते ते, पण नजर नेमकी बसच्या मागं पडत होती. ते एका जागी पोचायचे तोवर बस तिथून पुढं गेलेली असायची. मग ती किराणा दुकानाच्या वळणावर वळली. आवाज बारीक होत होत थांबला. आप्पा रिकाम्या रस्त्याकडं बघत उभे होते आणि त्यांचा हात वर होता.

“दिसली का पोरं?” आईनं आतून विचारलं.

आप्पांनी हात खाली घेतला, खुर्ची चाचपली आणि बसले.

“दिसली की,” ते म्हणाले. “सगळी दिसली. हसायली होती.”